निळी रेषा, लाल रेषा आणि घराचा विमा

कोल्हापूर-सांगलीत पावसाळ्यात माणसं फुटांत बोलतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे तेच आकडे ४० आणि ४५. शाळकरी पोरांनाही ते पाठ असतात. पण त्याच घरात विचारलं, की तुमचा प्लॉट पूररेषेच्या आत आहे की बाहेर, तर ‘बाहेरच असणार’ असं मोघम उत्तर मिळतं. घराचा विमा आहे का, असं विचारलं तर ‘बँकेनं काढलाय की’. यांतलं एकही उत्तर कागद बघून दिलेलं नसतं.

२००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनंतर पूररेषा नव्याने तपासण्याची, आखण्याची भाषा राज्यात सगळीकडे सुरू झाली. रेषा हलणार असं कळलं की नदीकाठच्या वस्तीत बातम्या फिरतात: घर पाडणार, कर्ज मिळणार नाही, विमा कंपनी हात वर करणार. या बोलण्यात थोडं खरं आहे आणि पुष्कळ खोटं आहे. खोट्यामुळे होणारं नुकसान मोठं आहे, कारण त्यापायी लोक नकाशाला घाबरतात आणि ज्याची तजवीज करायला हवी ते तसंच राहून जातं.

‘शंभर वर्षांतून एकदा? मग आपल्या हयातीत नाही’

आधी या रेषा म्हणजे काय ते पाहू. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल इतक्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर पोचेल, ती हद्द साधारणपणे निळ्या रेषेने दाखवतात. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित क्षेत्र.

‘१०० वर्षांतून एकदा’ हे वेळापत्रक नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. आज येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दर वर्षी ४ टक्के. आता वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हिशेब करा. वीस वर्षांत एकदाही तो पूर न येण्याची शक्यता ४४ टक्के निघते. म्हणजे निळ्या रेषेच्या काठावरचं घर कर्ज फिटायच्या आत किमान एकदा पाण्यात जाण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेच्या काठावर तोच आकडा १८ टक्के. पाचात एक म्हटलं तरी चालेल, आणि हे दुर्मीळ म्हणण्यासारखं नाही.

कोल्हापूरकरांना तर गणिताचीही गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा ‘असा पूर आता पुन्हा बघायला मिळायचा नाही’ असं म्हणणारे कमी नव्हते. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा त्याच उंचीला गेलं.

‘नवी रेषा आली, आता आमचं घर बेकायदेशीर’

असं नाही. रीतसर परवानगीने बांधलेलं घर नवी रेषा त्याच्यावरून गेली म्हणून अनधिकृत ठरत नाही. रेषेचा खरा परिणाम पुढच्या बांधकामावर होतो.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं घर बांधता येत नाही. बाग, मोकळं मैदान, उघडं पार्किंग, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प असे मोजके वापर चालतात. पण तिथे आधीपासून अधिकृत इमारत असेल तर जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने तिचा पुनर्विकास होऊ शकतो, फक्त बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर घ्यावं लागतं. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात नव्या बांधकामालाही हीच दीड फुटांची अट आहे. प्लॉटचा काही भाग रेषेत आणि काही बाहेर असेल, तर आतल्या भागाचा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, बाहेरच्या भागावर वापरायला देता येतो.

ही तरतूद माहीत नसल्यामुळे नदीकाठच्या जुन्या सोसायट्या ‘आता आपलं काही होत नाही’ म्हणून पुनर्विकासाचा विषयच सोडून देतात. विचारून पाहायला हवं. उलट बाजूने, नदीकाठी स्वस्तात प्लॉट घेणाऱ्याला ‘रेषा काय, बदलून घेऊ’ असं सांगणारे भेटतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहावं. जलसंपदा विभागाने आखलेली आणि वेळोवेळी सुधारलेली रेषा विकास आराखड्यात धरलेलीच आहे असं नियमावली मानते. आराखड्याच्या छापील नकाशावर ती दिसत नाही, हा बचाव होत नाही.

चिपळूणमध्ये याच प्रश्नावरून लोक रस्त्यावर आले. २२ जुलै २०२१ च्या पुराने बाजारपेठ बुडवली, आणि त्यानंतर शहराचा मोठा भाग रेषांच्या आत दाखवल्यामुळे बांधकामं अडली. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा आणि मग रेषा पुन्हा तपासा, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. ते तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे, कारण पात्र खोल झालं तर तेवढ्याच पाण्याची पातळी खाली येते. पण रेषाच रद्द करा, ही मागणी मला पटत नाही. रेषा पुसली म्हणून पाणी थांबत नाही. फक्त पुढचा खरेदीदार अंधारात राहतो.

‘आम्ही रेषेच्या बाहेर, आम्हाला धोका नाही’

सगळ्यांत घातक गैरसमज हाच. तो का चुकीचा आहे हे कळण्यासाठी रेषा कशी काढतात ते थोडं जवळून पाहावं लागेल.

पूर किती मोठा धरायचा हे आधी ठरवतात, क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. मग ठरावीक अंतरावर नदीचे आडवे छेद घेतात, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत जमिनीची उंची मोजत जातात. ते आकडे संगणकाच्या प्रारूपात घालून प्रत्येक छेदापाशी पाणी किती मीटरपर्यंत चढेल ते काढतात. मग जमिनीवर तेवढी उंची जिथे जिथे येते ते बिंदू जोडून गट नंबर, सिटी सर्व्हे नंबरांच्या नकाशावर रेषा ओढतात.

म्हणजे रेषा ही मुळात उंची आहे. त्यामुळे ‘आत की बाहेर’ या प्रश्नापेक्षा उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: आमच्या सर्व्हे नंबरपाशी लाल रेषेची पातळी किती मीटर, आणि आमच्या जोत्याची पातळी किती? एकाच गल्लीत समोरासमोरची दोन घरं रेषेच्या आत असतील. एकाचं जोतं चार फूट उंच, दुसऱ्याचं रस्त्याच्या पातळीला. नकाशावर दोघं सारखेच दिसतात, पण पुरात एकाच्या पायरीला पाणी लागतं आणि दुसऱ्याचा ओटा बुडतो. पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एखादा सर्वेक्षक बोलावला तर जोत्याची पातळी मोजून घेणं हे एका दिवसाचं काम आहे. जमीन घेताना वकिलाकडून शोध अहवाल घेतो, तितक्याच गांभीर्याने हा कागदही घ्यावा.

आणि गणितात धरलेली प्रत्येक गोष्ट बदलते. पात्रात भराव पडतो, नवा पूल उभा राहतो, काठावरची शेतं जाऊन सिमेंट येतं, गाळ साठतो. छेद जुने असतील तर रेषाही जुनीच. पुण्यात मुठा नदीच्या निळ्या रेषेसाठी ६० हजार क्युसेक आणि लाल रेषेसाठी १ लाख क्युसेक विसर्ग धरलेला आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या आसपास होतं. धरणाखालच्या भागात पडलेल्या पावसाची त्यात भर पडली हे खरं. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. पुण्याच्या रेषा नव्याने तपासण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला तो उगाच नाही.

शिवाय या रेषा प्रामुख्याने नदीच्या पुराच्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने जो हाहाकार केला, भिंती पाडल्या, माणसं वाहून नेली, तो नदीचा पूर नव्हता. काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस आणि आवळलेला ओढा, एवढं त्याला पुरलं. नदीपासून कितीतरी लांब राहणारा माणूस ‘आम्ही रेषेच्या बाहेर’ म्हणतो तेव्हा तो एवढंच सांगत असतो की नदीचं पाणी त्याच्याकडे येणार नाही.

‘रेषेत आलो, आता विमा मिळायचा नाही. मिळाला तरी पुराचा वेगळा’

हा समज बराचसा अमेरिकेतून आला आहे. मुलं न्यू जर्सीला किंवा ह्यूस्टनला, तिथे घर घेताना ‘फ्लड झोन’चा कागद पुढे आला, ती हकिगत फोनवर इथे पोचली आणि इथल्या घराला चिकटली. तिथली व्यवस्था खरोखरच वेगळी आहे. नेहमीच्या घरविम्यात तिथे पूर नसतो. त्यासाठी १९६८ पासून केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे. इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख डॉलर संरक्षण, आणि पॉलिसी घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी ती लागू होते. ‘फेमा’ या संस्थेच्या नकाशात घर जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेलं आणि घरावर बँकेचं कर्ज असलं, की पुराचा विमा सक्तीचा. म्हणून तिथे नकाशा बदलला की घरखर्च बदलतो. तिथेही ऑक्टोबर २०२१ पासून हप्ता पट्ट्यावरून ठरत नाही, तर त्या त्या घराचं पाण्यापासूनचं अंतर, उंची आणि बांधणीचा खर्च बघून ठरतो. सक्ती मात्र अजून नकाशावरूनच. तुमची मुलगी तिकडे घर घेत असेल तर तिला हे जरूर सांगा.

आपल्याकडे अशी सक्ती नाही, आणि निळ्या-लाल रेषेवरून हप्ता ठरवण्याचा नियमही नाही. पुराचा विमा वेगळा काढावा लागत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी विकणं बंधनकारक केलं. तिच्यात आग, भूकंप, वादळ, दरड कोसळणं यांच्यासोबत पूर आणि पाणी तुंबून होणारं नुकसान मुळातच धरलेलं आहे. घर रेषेच्या आत असो वा बाहेर, पॉलिसीचा मजकूर तोच. कंपनी आपल्या परीने जोखमीचा अंदाज घेते, प्रश्न विचारते. पूर्वी पाणी शिरलं होतं का असं विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडी पडते आणि मग भरलेला हप्ताही वाया जातो.

ही पॉलिसी एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते. पाणी चढायला लागल्यावर एजंटला फोन करण्यात अर्थ नसतो, नुकसान सुरू झाल्यावर त्याचा विमा होत नाही. मे महिन्यात, छपराची डागडुजी करतानाच, हे काम उरकावं.

‘बँकेनं काढलाय की’

गृहकर्जाची फाइल काढा आणि पॉलिसीवरचं नाव वाचा. कर्जासोबत दिलेली पॉलिसी पुष्कळदा आयुर्विम्याच्या प्रकारातली असते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर ती उरलेलं कर्ज फेडते. कुटुंबासाठी ती चांगलीच, पण भिंतीत पाणी मुरलं, फरशी उखडली, तर तिचा काही उपयोग नाही. काही बँका घराचाही विमा काढायला लावतात, पण तो अनेकदा फक्त इमारतीचा आणि कर्जाच्या रकमेपुरता असतो. फ्रीज, कपाटं, गाद्या त्यात आहेत का, हे कागदावरच बघावं लागतं.

‘फ्लॅट साठ लाखांचा, म्हणजे विमा साठ लाखांचा’

विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो. जमीन वाहून जात नाही. पॉलिसी बघते ती पुन्हा बांधायला येणारा खर्च: चटई क्षेत्र गुणिले चालू बांधकाम दर. समजा ७०० चौरस फूट चटई क्षेत्र आहे आणि बांधकामाचा दर २,५०० रुपये, तर विम्याची रक्कम साडेसतरा लाख. हप्ताही साठ लाखांवर नाही, साडेसतरा लाखांवर बसतो. ‘घराचा विमा परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी कधी हा हिशेब घालून दर विचारलेला नसतो.

घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. वरच्या उदाहरणात साडेतीन लाख. सामान त्याहून जास्तीचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. दागिने मात्र यात येत नाहीत, त्यासाठी जादा संरक्षण मागून घ्यावं लागतं. रोख रक्कमही यात येत नाही. आणि पूर्वी घराच्या किमतीच्या निम्म्या रकमेचा विमा असला तर नुकसानीचेही निम्मेच पैसे हातात पडायचे. या पॉलिसीत तशी कपात होत नाही. विमा रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान, तेवढी भरपाई. ज्यांना जुन्या पॉलिसीचा कडू अनुभव आहे त्यांनी हे वाक्य एजंटकडून पॉलिसीत दाखवून घ्यावं.

घराखालच्या दुकानातला माल घराच्या पॉलिसीत येत नाही. चिपळूण, सांगलीसारख्या पेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही नेहमीची रचना आहे. पाच कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही निराळी पॉलिसी आहे, ती दुकानासाठी घ्यायची.

‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर’

पुराच्या दुसऱ्या दिवशी अशा इमारतीच्या पार्किंगमध्ये उभं राहून बघा. मीटरच्या पेटीत चिखल, लिफ्टच्या खड्ड्यात गढूळ पाणी, पंप जळालेला, जमिनीखालच्या टाकीत सांडपाणी मिसळलेलं. दीड फुटांच्या नियमाने वरचे फ्लॅट कोरडे राहिले, पण पार्किंग बुडालं आणि त्यासोबत इमारतीची वीज आणि पिण्याचं पाणीही गेलं. हा खर्च सगळ्या सभासदांवर वाटला जातो, तिसऱ्या मजल्यावरही. म्हणून सोसायटीने पूर्ण इमारतीचा आणि सामाईक यंत्रांचा विमा काढला आहे का, आणि त्यात पूर धरला आहे का, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारायचा. पार्किंगमधली गाडी घराच्या विम्यात नसते. तिच्या स्वतःच्या पॉलिसीत ‘ओन डॅमेज’ असेल तरच भरपाई मिळते, आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून इंजिन बिघडलं तर इंजिन प्रोटेक्शनचं जादा संरक्षण असल्याशिवाय तो खर्च सहसा मिळत नाही.

‘पंचनामा झाला की सरकार देतंच’

देतं, पण किती? आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये. पक्क्या घराची थोडी पडझड झाली असेल, किमान १५ टक्के, तर ६,५०० रुपये. राज्य सरकार वेळप्रसंगी वाढीव मदत जाहीर करतं. ही मदत माणसाला पुन्हा उभं राहता यावं म्हणून आहे, नुकसान भरून निघावं म्हणून नाही. चार दिवस पाण्यात राहिलेल्या एका स्वयंपाकघराचा ओटा आणि ट्रॉल्या ६,५०० रुपयांत नव्या होत नाहीत. सरकारी मदत घेतली म्हणून विम्याचा दावा बुडतो, हाही निव्वळ गैरसमज. पंचनाम्याची प्रत उलट दाव्याला जोडायची असते.

पाणी ओसरल्यावर माणसाला आधी घर धुवावंसं वाटतं, आणि तिथेच दावा ढिला पडतो. चिखल काढायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. भिंतीवर पाण्याचा काळपट पट्टा उठलेला असतो, त्याला टेप लावून फरशीपासूनची उंची दिसेल असा फोटो घ्या. फ्रीज, वॉशिंग मशीन यांच्या मागे मॉडेल नंबरची पट्टी असते, तिचाही. भिजलेल्या गाद्या आणि फर्निचर कचरागाडीत टाकण्याआधी कंपनीला कळवा, कंपनीचा सर्वेक्षक यायला उशीर होणार असेल तर सामान टाकायची परवानगी लेखी मागून घ्या. पॉलिसीची प्रत, खरेदीखत आणि जुन्या बिलांचे फोटो आधीच फोनवरून दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा मुलीकडे पाठवून ठेवलेले बरे. मूळ कागद बहुधा त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात, आणि पाणी सगळ्यात आधी तिथेच शिरतं.